कंसातल्या कमांडर

बढतीची यादी लागली त्या सकाळी दोरीबाई मोठ्या टगच्या मागच्या डेकवर उकिडव्या बसून एका नव्या दोरखंडाची झडती घेत होत्या. दोरखंड मनगटाएवढा जाड, वेष्टनातून नुकताच काढलेला. पण बाईंचा नव्या वस्तूवर जुन्या वस्तूपेक्षाही कमी विश्वास. स्वतःच्या हाताने चाचपून पाहिल्याशिवाय एकही दोर त्या कामाला लावू देत नसत, म्हणून खलाशांनी त्यांना हे नाव पाडलं होतं. ते कानावर आलं तेव्हा बाई एवढंच म्हणाल्या होत्या, "बरं झालं. याहून वाईट सुचलं असतं तुम्हाला."

हुद्द्याने त्या लेफ्टनंट कमांडर. नौदलाच्या या तळावरच्या दोन टग आणि त्यांवरचे तेवीस खलाशी त्यांच्या हाताखाली होते. मोठ्या जहाजांना ढकलत-ओढत धक्क्याला लावायचं, बंद पडलेल्यांना ओढून आणायचं आणि कुणी अडकलं तर सोडवायचं, हे त्यांचं काम. बाकीचे अधिकारी कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत फिरत. बाईंच्या पांढऱ्या कपड्यांना वर्षातून चार वेळा ऊन लागायचं. एरवी निळा डगला आणि त्याच्यावर ग्रीसचे डाग.

तर त्या सकाळी हेडक्लार्क धापा टाकत धक्क्यावर आले. हे गृहस्थ तीस वर्षांच्या नोकरीत धावलेले कुणी पाहिले नव्हते.

"बाई! यादी लागली! सत्तावीस नंबर!"

"कसला सत्तावीस?"

"कमांडरच्या यादीत तुमचं नाव आहे. चाळीसजणांत सत्ताविसावं!"

बाईंनी हातातला दोर सोडला नाही. पुढचा वावभर चाचपला आणि मग विचारलं, "काय म्हणालात?" हेडक्लार्कांनी परत सांगितलं. तिसऱ्यांदा ऐकल्यावर मात्र त्या ताडकन उठल्या आणि त्यांनी ग्रीसने माखलेल्या हातांनी हेडक्लार्कांचे दोन्ही हात धरून गदागदा हलवले. हेडक्लार्कांचा पांढरा शर्ट त्या दिवशी कामातून गेला.

पहिला फोन आईला.

"आई, माझी कमांडरसाठी निवड झाली."

"म्हणजे तू कमांडर झालीस!"

"झाले नाही गं. होणार आहे."

"कधी?"

"नंबर लागेल तेव्हा. सात महिने, आठ महिने. वरच्या जागा रिकाम्या होतील तसतसे एकेक जण."

आईने ते मनात मांडून पाहिलं. ती शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली. अर्धवट उत्तर तिला चालत नसे. "म्हणजे लग्न ठरलंय, पण व्हायचंय," ती म्हणाली.

"अगदी तसंच."

"मग मी सांगते सगळ्यांना."

"आई, नको ना इतक्यात..."

पण फोन बंद झाला होता. संध्याकाळपर्यंत आईच्या इमारतीतल्या चारही मजल्यांना बातमी कळली. खालचा औषधांच्या दुकानाचा मालक तर विचारत होता म्हणे, की कमांडरीणबाईंची आई म्हणून आता तुम्हाला काय म्हणायचं?

खरी गंमत, आणि खरी अडचणही, इथूनच सुरू झाली. निवड झालेल्या पण हुद्दा न मिळालेल्या माणसाला काय म्हणायचं?

हेडक्लार्कांपाशी उत्तर तयार होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी बाईंच्या सहीसाठी पत्र आणलं, त्यात नावाखाली लिहिलं होतं: लेफ्टनंट कमांडर, आणि पुढे कंसात, निवड झालेल्या.

"हे कंसात काय?" बाईंनी विचारलं.

"नियम आहे. हुद्द्याचं पत्र येईपर्यंत जुना हुद्दा तसाच. खांद्यावरच्या फिती तशाच. अधिकार तेवढेच. फक्त कागदावर कंस करून लिहायचं, म्हणजे वाचणाऱ्याला कळतं की ही व्यक्ती वाटेवर आहे."

"आणि बोलताना?"

हेडक्लार्कांनी चष्मा काढून पुसला. "बोलण्यात कंस येत नाही हो. तिथे ज्याची त्याची जीभ."

आणि जिभा तरी किती तऱ्हेच्या! तळावरचे नवे अधिकारी पहिल्याच दिवसापासून "गुड मॉर्निंग, कमांडर!" म्हणू लागले. त्यात कौतुक होतं आणि थोडं लोणीही होतं. बाईंचे यजमान दातांचे डॉक्टर. ते घरी चहा देताना "घ्या, पावणेकमांडर" म्हणत. टगवरचे बोसन, म्हणजे खलाशांचे म्होरके, समुद्रावर केस पांढरे झालेले. त्यांनी मात्र स्पष्टच सांगून टाकलं.

"मॅडम, राग नका मानू. मी पत्र बघितल्याशिवाय नाही म्हणणार. एकदा एकाला आधीच म्हणालो होतो, त्याचं नाव नंतर यादीतून निघालं. माझ्याच जिभेने नाट लावला असं वाटत राहिलं."

"नका म्हणू, बोसन. मलाही तेच बरं वाटतं," बाई म्हणाल्या, आणि ते खरं होतं.

ज्याच्या जिभेची त्यांना खरी भीती होती तो माणूस वर होता, बंदराच्या कंट्रोलच्या मनोऱ्यात.

त्यांना सगळे थोरले म्हणत. तेही लेफ्टनंट कमांडरच, पण बाईंच्या सहा वर्षं आधीपासून. एकाच हुद्द्याचे दोघे असले की ज्याला तो आधी मिळाला तो वरचा. म्हणून बाई त्यांना "सर" म्हणत. पण खरं कारण हे नव्हतं. बाई पहिल्यांदा टगवर आल्या तेव्हा वाऱ्यात टग कशी वळवायची, ओढीचा दोर ताणताना कुठे उभं राहायचं नाही, हे सगळं थोरल्यांनी शिकवलं होतं. "ए पोरी" म्हणून हाक मारायचे. बाई चाळिशीला आल्या तरी ते "ए पोरी" सुटलं नव्हतं.

कमांडरच्या यादीत थोरल्यांचं नाव दोनदा आलं नव्हतं. आता वयाच्या नियमाने ते कधीच येणार नव्हतं.

यादी लागली त्या दुपारी भोजनगृहात बाई त्यांच्या टेबलापाशी गेल्या. काय बोलायचं ते ठरवलेलं होतं, पण तेवढ्यात शेजारच्या टेबलावरून कुणीतरी मोठ्याने ओरडलं, "अभिनंदन, कमांडर!" थोरल्यांनी चमचा खाली ठेवला. उभे राहिले. अगदी सरळ.

"अभिनंदन, लेफ्टनंट कमांडर, कंसात निवड झालेल्या," ते म्हणाले, आणि ताट उचलून निघून गेले.

त्यानंतर रोज हेच. रेडिओवर, फोनवर, जिन्यात. कंससुद्धा न गाळता पूर्ण हुद्दा. कुणी म्हणेल, यात काय वाईट? एक अक्षर चुकीचं नव्हतं. पण दर वेळी बाईंच्या तोंडात मारल्यासारखं व्हायचं. घरी एकदा त्या यजमानांना म्हणाल्या, "त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं."

"तू काही बोललीस त्यांना?"

"काय बोलू? सॉरी, माझी निवड झाली?"

असे अडीच महिने गेले.

मग ती दुपार आली. आकाश लख्ख निळं, ढगाचा ठिपका नाही, आणि वारा असा की धक्क्यावर उभ्या माणसाची टोपी जाईल. समुद्राकडून थेट बंदराच्या भिंतीवर. ही भिंत म्हणजे बंदराला लाटांपासून वाचवायला समुद्रात रचलेली मोठमोठ्या दगडांची रांग. वाचवते ती आतल्यांना. बाहेरून जो तिच्यावर जाईल त्याची ती चटणी करते.

तीन वाजायला दहा मिनिटं असताना पलीकडच्या किनाऱ्यावरून येणाऱ्या फेरीबोटीचं इंजिन भिंतीपासून पाऊण मैलावर बंद पडलं. आत दोनशे बारा माणसं. फेरीच्या मास्टरने नांगर टाकला, पण तळाशी चिखल, नांगर धरेना. बोट वाऱ्याकडे तोंड करून पाठमोरी, फरफटत, भिंतीकडे सरकू लागली.

तळाचे प्रमुख कमोडोर त्या दिवशी मुख्यालयात बैठकीला गेलेले. त्यांच्यामागे तळाची सूत्रं थोरल्यांकडे होती. मनोऱ्यातून भोंगा वाजला आणि आठव्या मिनिटाला बाईंची मोठी टग बंदराच्या तोंडातून बाहेर पडली, मागोमाग धाकटी टग. एक खासगी टग आणि बंदराची, जहाजांना वाट दाखवणारी पायलट बोट त्यांच्याआधीच तिथे पोचून घुटमळत होत्या.

"कंट्रोलकडून मोठ्या टगला," थोरल्यांचा आवाज आला. "फेरीच्या नाळेवर दोर लावा आणि सरळ समुद्राकडे ओढा."

नाळ म्हणजे बोटीचं पुढचं टोक. पुस्तकात हेच लिहिलंय आणि शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा हेच बरोबर. बाईंनी टग नाळेजवळ नेली आणि दुर्बीण लावली.

नाळेवरचा लोखंडी खुंट, ज्याला ओढीचा दोर बांधतात, तोच नांगराच्या साखळीचा सगळा भार धरून होता. साखळीचं यंत्र तुटलं होतं म्हणून फेरीवाल्यांनी साखळी खुंटाला गुंडाळली होती. आणि दर लाटेला खुंटाच्या बुडाशी डेकचा पत्रा बोटभर उचकटत होता, डब्याचं झाकण उघडावं तसा. त्याला टगचा हिसका बसला असता तर खुंट, साखळी, नांगर सगळंच हातचं गेलं असतं, आणि फेरी चार मिनिटांत दगडांवर.

"सर, नाळेवर दोर लावता येणार नाही. खुंट उपटतोय. मी पिछाडीला लावते."

"पिछाडी भिंतीकडे आहे. म्हणजे तुम्ही बोट आणि दगड यांच्या मधे टग घालणार?"

"हो सर."

"नाही. नाळेवर लावा."

"सर, गेल्या वर्षी तिथली खोली मी मोजलीय. दगडांपासून दहा मीटर सोडले की सहा मीटर पाणी आहे. माझी टग साडेतीनमध्ये तरंगते. पण ओहोटी लागलीय, अर्ध्या तासाने जमणार नाही."

तेवढ्यात खासगी टगचा मास्टर मधेच ओरडला, "अहो, कुणाचं ऐकायचं आम्ही? नाळेवर की पिछाडीला?" पायलट बोटीने तेच विचारलं. फेरीचा मास्टर, आवाज चिरकलेला, "कुणीतरी काहीतरी करा हो! लहान मुलं आहेत बोटीवर!" आणि पुन्हा खासगी टगवाला: "दोघंही लेफ्टनंट कमांडरच ना? वरचा कोण ते तरी सांगा!"

नियमाने वरचे थोरलेच होते. हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. यादीतल्या नंबराला त्या घडीला कागदाएवढीही किंमत नव्हती. त्यांनी माईक तोंडाजवळ धरला आणि शक्य तितक्या शांतपणे म्हणाल्या, "सर, आज्ञा तुमची. पण खुंट मी डोळ्यांनी बघतेय, तुम्हाला तिथून दिसत नाहीये. नाळेवर लावला तर बोट जाईल."

बोसन सुकाणूवर होते. त्यांनी बाईंकडे पाहिलं नाही. पण दोन्ही हात सुकाणूवर घट्ट झाले.

मनोऱ्यातून उत्तर यायला किती वेळ लागला? रेडिओच्या नोंदीत सात सेकंद आहेत. बाईंना तो एक तास वाटला.

मग थोरल्यांचा आवाज आला, पण या वेळी नुसत्या बाईंच्या टगसाठी नव्हे. सगळ्या बोटींच्या सामाईक चॅनेलवर, एकेक शब्द तोडून.

"कंट्रोलकडून सर्व बोटींना. या क्षणापासून सगळी सूत्रं मोठ्या टगवर कमांडरांकडे आहेत. कमांडर सांगतील तेच करायचं. मला विचारू नका. कमांडर, बोला."

कंस नव्हता. काहीच नव्हतं. नुसतं कमांडर.

बाईंनी माईक दाबला.

"सर्व बोटींना. धाकटी टग, फेरीच्या डाव्या अंगाला टेकून राहा, मी सांगेपर्यंत ढकलू नका. खासगी टग, तुम्ही बाहेर थांबा, बंदराच्या तोंडाशी, पुढे आम्हाला तुम्ही लागणार आहात. पायलट बोट, पाण्यात कुणी पडलं तर उचलायला तयार राहा. फेरी, मागच्या डेकवरची माणसं पुढे न्या, फक्त दहा धडधाकट मागे ठेवा. आम्ही येतोय."

चार वेगवेगळे आवाज एकदम आले: "होय, कमांडर." एकानेही दुसरा प्रश्न विचारला नाही.

बोसननी टग वळवली आणि फेरी आणि भिंत यांच्या मधल्या पट्टीत घातली. एका बाजूला फेरीचं गंजलेलं पांढरं अंग, खिडक्यांना चिकटलेले चेहरे. दुसऱ्या बाजूला हिरवे शेवाळलेले दगड, लाट मागे हटली की दात विचकल्यासारखे दिसणारे. लाट दगडांवर आपटून परत यायची आणि टगला फेरीवर फेकायला बघायची. बोसन ओठ चावत सुकाणू इंच इंच फिरवत होते. बाई पाण्याची खोली मोठ्याने वाचत होत्या. "सहा. सहा. साडेपाच. बोसन, जरा बाहेर. सहा."

दोरी फेकायच्या बंदुकीतून पहिली दोरी सुटली ती वाऱ्याने भिंतीवर नेऊन टाकली. बाईंनी दुसरी स्वतः धरली. वाऱ्याच्या खूप वर, जवळजवळ आभाळात नेम धरला. पिवळी बारीक दोरी कमान करून गेली आणि फेरीच्या मागच्या डेकवर एका माणसाच्या खांद्यावर पडली.

"ओढा!" बाई ओरडल्या. आणि त्या दहा माणसांनी ओढायला सुरुवात केली. त्यांतले चार खलाशी. बाकी कुणी भाजीवाला, कुणी मास्तर, एक उंच बाई ऑफिसच्या कपड्यांत. बारीक दोरीमागून जाड दोर, जाड दोरामागून मनगटाएवढा दोरखंड पाण्यातून वर गेला. फेरीच्या मागच्या दोन खुंटांना त्याचे वेढे पडले.

"फेरी, हात सगळ्यांचे लांब! दोराच्या रेषेत कुणीही उभं राहू नका! बोसन, हळूहळू."

टगचं इंजिन गुरगुरलं. दोरखंड पाण्यातून वर आला, त्यातून पाणी पिळून निघालं, ताणला गेला, आणि करकरला. फेरी हलली नाही. भिंत पंचवीस मीटर. वीस.

"धाकटी टग, आता ढकला. पूर्ण ताकदीने. बोसन, सगळं द्या तिला."

फेरीची पिछाडी आधी थरथरली, मग सरकली. भिंतीपासून नव्हे, भिंतीला समांतर, पण सरकली. आणि एकदा सरकली म्हटल्यावर सरकत राहिली. बाईंनी फेरीला नांगराची साखळी तोडायला सांगितलं. साखळी धडधडत पाण्यात गेली, उपटलेला खुंटही तिच्याबरोबर गेला, आणि फेरी सुटलेल्या गाईसारखी टगच्या मागे वळली. बंदराच्या तोंडाशी खासगी टगने दुसरी बाजू धरली.

तीन वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी फेरी धक्क्याला लागली. दोनशे बारा माणसं उतरली. एकाचं मनगट मुरगळलं होतं, आणि एका आजोबांची चप्पल समुद्रात गेली म्हणून ते चिडले होते. बाकी सगळे धडधाकट. फेरीचा मास्टर टगवर उडी मारून आला आणि बोसनच्या गळ्यात पडून रडला. बोसन त्याच्या पाठीवर थोपटत म्हणाले, "माझ्या काय गळ्यात पडतोस? त्या बघ, लेफ्टनंट कमांडर मॅडम."

त्या आवाजात इतका अभिमान होता, की बाईंना हसू आवरेना.

मनोऱ्याच्या एकशे दहा पायऱ्या चढून त्या वर गेल्या. थोरले काचेपाशी पाठमोरे उभे होते.

"सर."

"खुंट खरंच उपटत होता," ते वळून म्हणाले. "साखळी गेली तेव्हा दिसला. मी सांगितलं तसं तू केलं असतंस तर..."

"तुम्ही तसं करायला लावलं नाहीत ना."

ते खुर्चीत बसले. चेहरा दमलेला, पण अडीच महिन्यांत पहिल्यांदाच मोकळा. "यादी लागल्यापासून तो शब्द माझ्या घशात अडकला होता. दोनदा माझं नाव आलं नाही. तुझा राग नव्हता गं. पण राग तर होता, आणि समोर तू होतीस. कंस लावला की मला बरं वाटायचं. एवढ्याशा गोष्टीने!"

"मला माहीत होतं, सर."

"माहीत होतं तर भांडायचं होतंस, पोरी."

तेवढं "पोरी" ऐकलं आणि बाई शेजारच्या स्टुलावर मटकन बसल्या. भिंतीपाशी न आलेलं रडू तिथे आलं. थोरल्यांनी आपल्या थर्मासमधला चहा ओतून त्यांच्यापुढे सरकवला आणि त्या पिऊन होईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी कमोडोर परत आले. रेडिओची नोंद त्यांनी दोनदा ऐकली आणि दोघांनाही बोलावलं.

"सूत्रं सोपवायचा अधिकार तुम्हाला होता, ते ठीक," ते थोरल्यांना म्हणाले. "पण तुम्ही यांना कमांडर म्हणालात. नोंदीवर. या अजून कमांडर नाहीत."

"होय सर. वाऱ्यावर पाच बोटी होत्या आणि सगळ्यांना एका शब्दात कळायला हवं होतं कुणाचं ऐकायचं. 'लेफ्टनंट कमांडर, कंसात निवड झालेल्या' म्हणेपर्यंत बोट आणखी दोन मीटर गेली असती. शिक्षा करायची तर मला करा."

कमोडोर गंभीर माणूस. पण त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. बाईंचा अहवाल त्यांच्यापुढेच होता. त्यात बाईंनी स्वतःबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या आणि थोरल्यांबद्दल दीड पान. शेवटी लिहिलं होतं, की त्या दिवशीचा सगळ्यांत अवघड निर्णय टगवर झाला नाही, मनोऱ्यात झाला.

"शिक्षा आहे," कमोडोर म्हणाले. "नौकानयनाच्या शाळेला मुख्य शिक्षक हवाय. वाऱ्यात बोट कशी हाकायची ते शिकवायला. आणि सूत्रं केव्हा सोडायची, तेही. जाल?"

थोरल्यांनी वीस वर्षं मनात धरलेली जागा ती. त्यांनी नुसती मान हलवली, दोनदा.

मग कमोडोर बाईंकडे वळले. नियमात एक वाट होती, फारशी कुणी वापरत नसे. एखाद्या जागेला वरच्या हुद्द्याचाच अधिकारी लागत असेल, तर मुख्यालयाच्या परवानगीने निवड झालेल्याला नंबर लागण्याआधीच फिती आणि नाव देता येतं. पगार मात्र नंबर येईल तेव्हाच. खलाशी त्याला आगाऊ फीत म्हणत. नौदलाचं नवं बचाव जहाज तयार होत आलं होतं, सत्तर मीटर लांबीचं, आणि त्याला कमांडर हवा होता.

"मी तुमचं नाव पाठवलंय," कमोडोर म्हणाले.

परवानगी अकराव्या दिवशी आली. हेडक्लार्क पुन्हा धावत आले, आयुष्यात दुसऱ्यांदा, पण या वेळी जुना शर्ट घालून.

कार्यक्रम साधाच होता. सकाळचे दहा, धक्क्यावर रांगा, पांढरे कपडे, स्वच्छ ऊन. हेडक्लार्कांनी पत्र वाचलं. आईने उजव्या खांद्यावरची जुनी पट्टी काढली, दोन जाड फितींच्या मधे एक बारीक असलेली, आणि तीन जाड फितींची नवी चढवली. गणिताच्या बाईंनी पट्टी अगदी सरळ लावली. डाव्या खांद्यासाठी बाईंनी थोरल्यांना विनंती केली होती. त्यांनी पट्टी लावली, एक पाऊल मागे सरकले आणि सगळ्यांच्या आधी कडक सलाम ठोकला.

"अभिनंदन, कमांडर मॅडम."

"थँक यू, सर," बाईंच्या तोंडून सवयीने निघालं, आणि रांगेत हशा पिकला. थोरले कुजबुजले, "आता सर तुम्ही म्हणायचं नाही, मी मॅडम म्हणायचं."

"मी म्हणणारच."

बोसन हेडक्लार्कांच्या हातून पत्र घेऊन, चष्मा लावून, सही आणि शिक्का तपासत होते. समाधान झाल्यावर त्यांनी टोपी उंच उडवली आणि असा काही आवाज काढला, की धक्क्यावरचे पक्षी उडाले: "कमांडर मॅडमचा..." आणि तेवीस खलाशांनी बाकीचं पूर्ण केलं. यजमान आईच्या मागे उभे राहून टाळ्या वाजवताना मान वळवून डोळे पुसत होते.

नवं जहाज पलीकडच्या धक्क्याला उभं होतं. बाई आईला आणि यजमानांना घेऊन तिकडे गेल्या. शिडीवर पाय ठेवला तोच वरून कर्ण्यावर घोषणा झाली, "कॅप्टन जहाजावर येत आहेत!" आणि डेकवरची सगळी माणसं ताठ झाली.

आईने बाईंचा दंड धरला. "अगं, आत्ता तर कमांडर झालीस. हे कॅप्टन काय म्हणतायत? परत काही घोटाळा?"

"घोटाळा नाही गं. कॅप्टन हा कमांडरच्या वरचा हुद्दाही आहे, पण जहाजावर जो सगळ्यांचा प्रमुख, त्याला कॅप्टनच म्हणायचं. खांद्यावर काही का असेना."

"म्हणजे तासाभरात दोन बढत्या," आई म्हणाली, आणि तिने चारही मजल्यांना पुरेल एवढा श्वास छातीत भरून घेतला.

चौथ्या दिवशी जहाज समुद्रावर निघालं. किनारा अजून दिसत होता तेवढ्यात रेडिओवाली अधिकारी कागद घेऊन आली. तिशी न ओलांडलेली, डोळे चमकत होते.

"कॅप्टन, उत्तरेला एका मालवाहू जहाजाचं सुकाणू तुटलंय. अठरा माणसं. आपणच सगळ्यांत जवळ."

"किती लांब?"

"नेहमीच्या वेगाने पाच तास."

बाईंनी नकाशावर बोट ठेवलं, वाऱ्याकडे पाहिलं.

"चारात पोचायचंय. इंजिनरूमला सांगा. आणि त्या जहाजाला कळवा, आम्ही निघालो."

डेक पायाखाली थरथरला, जहाजाने तोंड उत्तरेला वळवलं, आणि पहिली मोठी लाट त्याने मधोमध कापली.